उसना चेहरा

तुळशीचे लग्न आटोपले की अमरावती-अकोल्याकडे उपवर मुलींची परिचयपत्रे भ्रमणध्वनीवरून फिरू लागतात. पूर्वी त्यासाठी स्टुडिओत जावे लागे. तेथील छायाचित्रकारही चेहरा थोडा उजळून देई, नाही असे नाही. मात्र तो चेहरा अल्बममध्ये राही. फिल्टरने गोरा, निमुळता केलेला चेहरा मुलगी दिवसातून अनेकदा पाहते आणि मग आरशातला स्वतःचा चेहरा तिला उणा वाटू लागतो.

मुळात सेल्फीच फसवी असते. बारा इंचांवरून टिपलेल्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के अधिक रुंद भासते, हे अमेरिकी संशोधकांनी २०१८ मध्ये गणिताने दाखविले. त्याच वर्षी बोस्टनच्या त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदविले की, पूर्वी नटीसारखे नाक मागणारे लोक आता फिल्टरमधील स्वतःसारखे दिसण्यासाठी शस्त्रक्रिया मागतात. इन्स्टाग्रामच्या चालकांना याची कल्पना नव्हती, असेही नाही. शरीराविषयी वाईट वाटत असताना या माध्यमाने ते अधिकच वाटू लागते, असे ३२ टक्के किशोरींनी सांगितल्याचे कंपनीच्याच अंतर्गत संशोधनात होते. ते २०२१ मध्ये फुटले. जानेवारी २०२५ मध्ये इतरांनी बनविलेले फिल्टर बंद झाले. कंपनीचे स्वतःचे राहिले.

परंतु सारा दोष परक्यांच्या माथी मारून चालणार नाही. गोरेपणाचे एक प्रसिद्ध क्रीम आपल्याकडे १९७५ पासून विकले जाते. २०२० मध्ये त्याच्या नावातून ‘फेअर’ गेले, परिचयपत्रातून ‘गोरी’ गेले नाही. जेथे मे महिन्यात पारा ४५ अंश ओलांडतो, त्या वऱ्हाडात रापलेला वर्ण हे वैगुण्य ठरावे? ‘किती काळवंडलीस गं!’ हे वाक्य मुलगी भ्रमणध्वनी हाती येण्यापूर्वीच घरात ऐकते.

याच अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या चमूने देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. प्रेक्षकांनी पाहिले ते शरीर काय करू शकते हे. वर्ण कोणता, हे नव्हे.

मुलगी जेवण टाळू लागली, समारंभांना येईनाशी झाली, तर तो नखरा समजू नये. शासनाची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. आणि येत्या लग्नसराईत वरपक्षाने फिल्टरविना, दिवसाच्या उजेडात काढलेले छायाचित्र मागावे. आपल्या मुलाचेही तसेच आधी पाठवावे.