सनद आणि कर्जखत

समुपदेशन-मानसशास्त्रात संशोधनाची पीएच.डी. घ्यावी की व्यवसायाची साय.डी., हा अमेरिकेत शिकू इच्छिणाऱ्यांपुढील प्रश्न विद्वत्तेचा म्हणून चर्चिला जातो. वस्तुतः तो बहुतांशी पैशाचा आहे. 1949 साली बोल्डर येथे भरलेल्या परिषदेने मानसशास्त्रज्ञ हा संशोधक आणि चिकित्सक असा दुहेरी असावा, हा दंडक घातला. परंतु ज्याला आयुष्यभर दुःखितांसमोर बसून त्यांचे ऐकायचे आहे त्याने उमेदीची वर्षे मुख्यतः आकडेमोडीत का वेचावीत, ही शंका बळावत गेली आणि 1968 मध्ये इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड पीटरसन यांच्या पुढाकाराने, चिकित्सा शाखेपुरता का होईना, व्यावसायिक डॉक्टरेटचा अभ्यासक्रम निघाला. 1973 च्या व्हेल परिषदेने त्यावर मान्यतेचे शिक्कामोर्तब केले.

या पदवीस कनिष्ठ लेखणारा प्राध्यापकी अहंकार मला मान्य नाही. जाणत्या चिकित्सकाच्या देखरेखीखाली केलेली उमेदवारी, वर्षभराची पूर्णवेळ इंटर्नशिप, या गोष्टी दोघांनाही चुकत नाहीत, आणि सनदेची राष्ट्रीय परीक्षा तर एकच.

माझी तक्रार निराळी आहे. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यास अध्यापनाच्या वा संशोधनाच्या कामाच्या मोबदल्यात पुष्कळदा फी माफ होते व वर वेतनही मिळते; साय.डी.वाला मात्र, विशेषतः स्वतंत्र व्यावसायिक विद्यालयांत, बहुधा पदरचे भरतो. कर्जाच्या हप्त्यांखाली वाकलेला असा नवा डॉक्टर गरीब वस्तीतल्या दवाखान्यात अल्प पगारावर रुजू होण्याऐवजी तासागणिक भरभक्कम फी घेणारे खाजगी दालन थाटतो, यात त्याच्या नियतीस दोष देणे व्यर्थ होय. कोणाचे दुःख ऐकले जावे हे त्याच्या कर्जखतानेच आधी ठरवलेले असते.

पुण्या-नाशिकच्या मध्यमवर्गीय मुलीस तर अमेरिकेतील सरकारी विद्यार्थी-कर्जही लाभत नाही, सबब वडिलांचे राहते घर बँकेकडे तारण पडण्याचा संभव अधिक. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेची अधिमान्यता असलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमास एकूण खर्च, पदवीस लागणारी वर्षे, किती जणांना इंटर्नशिप मिळाली, किती जणांना सनद, हे आकडे जाहीर करावेच लागतात. माहितीपत्रकातील हिरवळीची छायाचित्रे बाजूस सारून ते तक्ते बापलेकींनी एकत्र बसून वाचावेत, आणि ज्या विद्यालयास ही अधिमान्यताच नाही त्याच्याकडे अर्जाचे शुल्कही धाडू नये.