मिस्त्रींची क्रियापदे

यंत्राविषयी मराठीत लिहायचे म्हटले की आपल्याकडे पहिला वाद उभा राहतो तो नामांचा. पिस्टनला पिस्टनच म्हणावे की दट्ट्या? व्हॉल्व्ह लिहावे की झडप? १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, पुढे अभियांत्रिकीचे परिभाषा कोश निघाले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत विश्वकोशाचे खंड सिद्ध होऊ लागले. आणि त्या साऱ्या उद्योगाची टिंगल करणे हा सुशिक्षितांचा एक छंदच होऊन बसला. आम्हांला ती टिंगल मान्य नाही. पिचकारीत सरकतो तो दट्ट्या; तेव्हा सिलिंडरमध्ये वरखाली होणाऱ्या भागाला तेच नाव देण्यात हास्यास्पद असे काहीच नाही. परंतु टिंगल करणारे आणि कोश रचणारे, दोघेही नामांपाशी थांबले. यंत्राची मराठी मुख्यतः क्रियापदांत राहते आणि तिचा मुक्काम गॅरेजात आहे, असे आमचे मत झाले आहे.

हे मत बनले ते तिसगावात, एका जुन्या राजदूतचे इंजिन घरच्या पडवीत उतरवून पुन्हा बांधताना. (येथे वाचकाला पर्सिग यांच्या १९७४ सालच्या पुस्तकाची आठवण होणारच. त्या पुस्तकाविषयी आदर आहे. पण तेथे मोटारसायकल हे तत्त्वचिंतनाचे वाहन आहे. आम्हांला बोलायचे आहे ते वायसर आणि आट्यांविषयी.)

राजदूतचा वंश पोलिश. एसएचएल एम-११ या गाडीवरून फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने १९६०च्या दशकात ती बनवायला घेतली. एक सिलिंडर, १७३ सीसी, टू-स्ट्रोक, तीन गिअर. ‘बॉबी’ चित्रपटामुळे (१९७३) तिचे छोटे भावंड शहरांत गाजले. खेड्यापाड्यांत मात्र ही थोरलीच चालली, दुधाचे कॅन दोन्ही अंगांना लटकवून. अशा इंजिनात झडपा नाहीत. पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँकच्या पेटीत शिरते, तेथे दाबले जाते आणि मग बाजूच्या वाटांनी वर चढते. म्हणून ती पेटी हवाबंद असावी लागते. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑईल सील असतात. एक सील गेले की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो. गिअरच्या बाजूचे सील गेले तर इंजिन गिअरचे ऑईल ओढून जाळू लागते. मिस्त्री सायलेन्सरमागे क्षणभर उभे राहतात आणि सांगतात, ‘गिअर ऑईल पितेय.’ पेट्रोलमधले मिसळीचे ऑईल इंजिन ‘खाते’ आणि गिअरचे ‘पिते’, हा भेद आम्ही तेथेच प्रथम ऐकला. खाणे हा नेमून दिलेला आहार, पिणे हे व्यसन. कोणत्या कोशकाराला हे सुचले असते?

‘धरणे’ घ्या. ब्रेक धरतो, क्लच धरतो, नट धरतो, हे सगळे इष्ट. पण पिस्टन ‘धरला’ की संकट. पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरच्या भिंतीला चिकटतो आणि चाक जागेवर थांबते. इंग्रजीतून आलेला ‘सीज’ शब्दही गॅरेजात चालतो. पण पिस्टन धरला असे म्हणताना मराठी माणसाला मान धरते, कंबर धरते, त्याच अनुभवाचा आधार मिळतो. करंजी घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी रेस पूर्ण सोडून, गाडी गिअरमध्येच ठेवून येणाऱ्यांचे पिस्टन असे धरत. कारण साधे आहे: या इंजिनात वंगण पेट्रोलबरोबरच येते, पेट्रोल तोडले की वंगणही तुटते, आणि चाके मात्र इंजिनाला फिरवतच राहतात. हा सारा कार्यकारणभाव मिस्त्री एका वाक्यात सांगतात: उतारावर गाडीला उपाशी पळवू नका.

आणखी एक शब्द ‘आटा’. नटबोल्टची पिळदार खाच म्हणजे आटा, हे ठाऊक होते. पण तो मोजमापाचेही काम करतो. कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू पूर्ण आवळायचा आणि मग दीड आटा सोडायचा. प्लगचे आटे ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये असतात, म्हणून प्लग आधी बोटांनीच चढवायचा, आटे ‘लागले’ असे हाताला कळले की मग पाना. पॉइंटची फट फिलर गेजने मोजावी असे पुस्तक सांगते. मिस्त्री खिशातले व्हिजिटिंग कार्ड वापरतात.

घरी सगळे होते, असा भ्रम मात्र कोणी बाळगू नये. हेड, सिलिंडर, पिस्टन उतरवणे, बंदरातला कोळसा खरवडणे, सायलेन्सर साफ करणे, म्हणजे ज्याला ‘हाफ इंजिन’ म्हणतात तेवढे पडवीत होते. (बंदर म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली वाट, इंग्रजी ‘पोर्ट’, हा शब्द आमचा, मिस्त्री पोर्टच म्हणतात.) बिग-एंड वाजू लागला की क्रँक दाबयंत्राखाली सुटा करावा लागतो आणि पुन्हा जोडताना डायल गेज लावून सरळ करावा लागतो. ते लेथवाल्याचे काम. बोअरही तिकडेच. हौशी माणसाच्या वाट्याला येते ते धुणे, पुसणे, क्रमाने मांडणे. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे आहे ना, रिंगांची तोंडे खाचेतल्या पिनांवर बसली आहेत ना, हे तीनतीनदा पाहणे. यात पैसा वाचत नाही. वेळ तर नाहीच. आणि पगारदार माणसाने रविवारी इंजिन खोलणे व मिस्त्रींनी पोटासाठी रोज खोलणे यांना एकाच मापाने ‘श्रमप्रतिष्ठा’ म्हणणे हा तर अप्रामाणिकपणा होईल.

मग हा खटाटोप कशासाठी? आमचे उत्तर आमच्या विषयापुरते आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाड्या’ने (१९१५) कारू-नारूंची व्यवस्था, त्यांची कामे आणि हक्क मराठी गद्यात आणले. त्यानंतरच्या शंभराहून अधिक वर्षांत गावात जो नवा कारू आला, बलुत्याबाहेरचा, रोख पैशावर जगणारा, कोणत्याही जातीचा असू शकणारा, त्याची भाषा कोणी लिहून घेतली? मराठीचे विद्यार्थी प्रकल्पासाठी ओव्या गोळा करतात. जवळच मढीला कानिफनाथांची यात्रा भरते, गाढवांचा बाजार भरतो. तेथे वही घेऊन जाणारे भेटतात. पाथर्डीच्या ऊसतोड कामगारांचा कोयता कथा-कवितांत आला, यायलाच हवा होता. गॅरेज मात्र आपल्या लेखी लोकसंस्कृतीत बसत नाही, कारण तेथे ग्रीस आहे आणि निम्मी नामे इंग्रजी आहेत. नामे परकी म्हणून भाषा परकी, या गैरसमजाने आपण मोठा ऐवज दाराबाहेर ठेवला आहे.

तो फार काळ दाराबाहेर थांबणार नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६चे निकष आले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. इंधन किती सोडायचे ते आता संगणक ठरवतो. टू-स्ट्रोक मोटारसायकली तर त्याच्याही आधी बाजारातून गेल्या. नव्या गाडीला यंत्र जोडून पडद्यावरचा दोष-क्रमांक वाचायचा असतो. धूर पाहून, आवाज ऐकून निदान करण्याची गरज कमी होत आहे. हवेच्या दृष्टीने हे चांगलेच झाले, टू-स्ट्रोकचा धूर कोणाला हवा आहे? पण जे निदान धुरावरून होत असे त्याची वाक्ये त्या धुराबरोबर जातील. मिस्त्रींच्या हाताखाली आता एकही पोरगा टू-स्ट्रोकचे काम शिकायला नाही.

मिस्त्रींना या लिहून घेण्याचे फारसे अप्रूप नाही. हात घातल्याशिवाय कळत नाही, सर, मग कागदावर काय कळणार, असे त्यांचे म्हणणे, आणि त्यात तथ्य आहे. कागदावरून कोणी बोअरची फट ओळखायला शिकणार नाही. तरीही आमचा हट्ट असा की मराठी विभागांनी एखाद्या वर्षी ओव्या बाजूला ठेवून विद्यार्थ्यांना गॅरेजात, लेथवर, मोटार रिवायंडिंगच्या दुकानात पाठवावे. नामे आहेत तशी लिहावीत, शुद्ध करू नयेत, आणि क्रियापद कोणत्या प्रसंगी कोणाच्या तोंडून आले ते टिपावे.

आमच्या वहीत सध्या ‘मारणे’खाली इतके जमले आहे: किक मारणे, हवा मारणे, किक उलटी मारणे, धूर मारणे, म्हणजे ऑईल जास्त, पिस्टन मारतो, म्हणजे बोअर सैल झाला. ‘बसणे’खाली रिंगा बसणे, ही मात्र आनंदाची गोष्ट, पहिले काही शे किलोमीटर सबुरीने चालवल्यावर येणारी. राजदूतच्या रिंगा अजून बसायच्या आहेत, म्हणून तिला तूर्त करंजी घाट बंद आहे.