काटकसर आणि अपरिग्रह



आमच्या भायखळ्यात निवृत्त गिरणी कामगार अजून आहेत. शेजारचे एक काका त्यांतलेच, युनियनचे जुने सभासद. जुन्या पँटची शिवलेली पिशवी, तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, बसचे दोन-तीन स्टॉप असले तर पायीच. परवा आपल्यातलीच एक जण म्हणाली, "बघा, हा खरा अपरिग्रह!"

मला ते पटलं नाही. १८ जानेवारी १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, अनेकांची नोकरी कायमची गेली. पुढे ज्यांना ईपीएस-९५ लागू झाली, त्यांची किमान पेन्शन २०१४ मध्ये ठरली ती महिना १,००० रुपये. त्यात औषधं तरी येतात का? आपलं परिग्रह-परिमाण व्रत म्हणजे जे आहे त्याला आपणहून मर्यादा घालणं. नाइलाजाच्या ओढाताणीला व्रत म्हणू नये.

काकांकडून पिशवी शिवायला जरूर शिकू या. पाठशाळेतल्या मुलांना शिकवायला त्यांना बोलावू या, पण मानधन देऊन. आणि पेन्शनवाढीचा अर्ज घेऊन ते दारात आले, तर नुसतं कौतुक न करता सही करू या.