खेळ कीं खरेदी ?

पडद्यावरचा प्रत्येक खेळ सारखाच त्याज्य, हा सिद्धान्त आपल्या सुशिक्षित घरांतून हल्लीं वादातीत मानला जातो. आम्हीही तो पंचवीस वर्षें उराशीं बाळगला होता. इतकेंच नव्हे, तर त्याची अंमलबजावणीही केली होती. आमच्या मेहुण्यांनीं अमेरिकेहून चिरंजिवांसाठीं आणलेलें 'गेम बॉय कलर' नांवाचें हातांत मावणारें यंत्र आम्हीं २००१ सालीं परीक्षेच्या निमित्तानें काढून घेतलें. तें कपाटाच्या वरच्या फळीवर जें गेलें, तें तेथेंच राहिलें.

गेल्या उन्हाळ्यांत तें खालीं उतरविण्याचा प्रसंग आला. आमच्या भाचीच्या बारा वर्षांच्या मुलानें आईच्या फोनवरून एका खेळांतील पानांचीं पाकिटें विकत घेण्यांत अठरा हजार रुपये घालविल्याचें उघडकीस आलें. "मामा, तुम्हीच त्याला चार शब्द सांगा," म्हणून भाचीनें त्याला आमच्यापुढें उभें केलें. आम्हीं सांगावयास आरंभ करतांच त्यानें विचारलें, "आजोबा, असला खेळ तुम्ही एकदा तरी खेळून पाहिलाय का ?" प्रश्न उद्धट असेल, पण रास्त होता. न वाचलेल्या पुस्तकावर अभिप्राय देणाऱ्या विद्यार्थ्याची आम्हीं आजवर कधीं गय केलेली नाहीं. तेव्हां फळीवरचें यंत्र काढलें आणि त्यांत दोन नव्या बॅटऱ्या घातल्या. आंतला खेळ पानांचाच होता. चिरंजिवांचा डाव आठांपैकीं पांच पदकें मिळवून जेथें थांबला होता, तेथेंच तसाच उभा होता.

हा खेळ 'पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेम' होय. त्याची मूळ कागदी पानें जपानांत १९९६ सालीं निघालीं. त्यांवरून हडसन सॉफ्ट व क्रीचर्स या कंपन्यांनीं बनविलेला हा यंत्रावरील खेळ जपानांत १९९८ च्या डिसेंबरांत व अमेरिकेंत २००० सालीं आला. तो विकणारी निंटेंडो कंपनी १८८९ सालीं क्योटो शहरांत स्थापन झाली, तीच मुळीं 'हानाफुदा' नांवाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते बनविण्यासाठीं. म्हणजे पत्ते हा या घराण्याचा वडिलोपार्जित धंदाच आहे.

खेळाचे नियम त्यांतील डॉक्टर मेसन यांच्या प्रयोगशाळेंतील मंडळी समजावून सांगतात. खेळाडूनें साठ पानांचा आपला जोड स्वतः रचावयाचा. एकाच नांवाचीं चारांहून अधिक पानें त्यांत चालत नाहींत. सवलत आहे ती फक्त शक्तीच्या मूळ पानांना. ही शक्तीचीं पानें थोडीं ठेवावीं, तर बलाढ्य प्राणी हातांत नुसता बसून राहतो. फार ठेवावीं, तर शक्ति देण्यास प्राणीच सांपडत नाहीं. एकेका मंडळाच्या प्रमुखास हरवून पदकें मिळवावयाचीं, आठ झालीं म्हणजे चार महापंडितांशीं सामना.

यांत बुद्धीला खाद्य नाहीं असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं 'मिस्टर माइम' या पानाशीं एकदां गांठ घालून पाहावी. तीस किंवा त्याहून मोठा घाव त्याला लागतच नाहीं. वीस वा दहाचे क्षुद्र घाव मात्र लागतात. आम्ही आपलीं सर्वांत बलिष्ठ पानें घेऊन त्या अदृश्य भिंतीवर डोकें आपटीत तीन डाव हरलों. चौथ्या वेळीं जोडांत चार दुबळे प्राणी घातले आणि जिंकलों. 'प्रोफेसर ओक' या पानाचीही अशीच गंमत. हे ओक आपल्या कोंकणांतले नव्हत. पण त्यांचा उपदेश असा कीं, हातांत असेल नसेल तें सर्व टाकावें आणि सात नवीं पानें घ्यावीं. हातांतलें चांगलें पान टाकून देण्याचें धैर्य केव्हां करावें, हें शिकण्यास आम्हांस पंधरवडा लागला. तीस वर्षें त्याच टिपणांवरून शिकविणाऱ्या प्राध्यापकास तो धडा जड जावा, हें स्वाभाविकच आहे.

परंतु या खेळाचा खरा गुण याहून वेगळा आहे. यांतही पानांचीं पाकिटें आहेत. एकेकांत दहा पानें, आणि आंत काय निघेल तें आधीं कळत नाहीं. पण तीं पैशांनीं घेतां येत नाहींत. डाव जिंकला म्हणजे पाकीट मिळतें, हरला तर मिळत नाहीं. आणि हरण्यानें जवळचें कांहीं जातही नाहीं. यंत्रांत घालावयाची खेळाची डबी एकदां विकत घेतली कीं त्यापुढें दुकानदाराचा आणि मुलाचा संबंध तुटतो. आपण पत्ते आणतों तेव्हां बावन्नही पानें घरांत येतात. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा घेतला तर एकशेंवीसही येतात. हुकमाचा एक्का निघेपर्यंत रोज नवें पाकीट घ्या, असें आपल्या आजोबांना कोणी सांगितलें असतें, तर त्यांनीं त्या गृहस्थास ओसरीवरूनच परत पाठविलें असतें !

आज तोच गृहस्थ माजघरांत बसला आहे. २०२४ च्या ऑक्टोबरांत निघालेल्या 'पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेम पॉकेट' या फोनवरील खेळाचीच रचना पाहा. पांच पानांचें एक पाकीट दर बारा तासांनीं फुकट. तेवढा धीर नसेल तर पैसे देऊन वाट पाहण्याचा काळ तोडावा. येथें विकला जातो तो खेळ नव्हे, अधीरपणा ! बेल्जियमच्या जुगार-नियामकांनीं फोनवरील व संगणकावरील खेळांत पैसे घेऊन विकलेल्या अशा कांहीं गूढ पेट्यांस २०१८ सालीं जुगार ठरविलें, तें उगाच नव्हे.

यावर आक्षेप येतील, ते आम्ही जाणतों. जुन्या खेळांतही पाकीट दैवाधीन आहे आणि पदोपदीं नाण्याचा छापा-काटा आहे, मग तोही जुगारच कीं, असें कोणी म्हणेल. दैवाचा अंश सोंगट्यांतही आहे. धर्मराजाचा नाश फांशांनीं केला नाहीं, पणानें केला. फांसा आहे म्हणून खेळ जुगार होत नाहीं. घरचें धन पणाला लागलें म्हणजे होतो. दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे : हा जुना खेळ म्हणजे कागदी पानांची जाहिरातच होती, आणि तीं पानें तर बंद पाकिटांतूनच विकलीं जात. हें खरें आहे, आणि आम्ही तें लपवीत नाहीं. कागदी पाकिटांवरून १९९९ सालीं अमेरिकेंतील पालकांनीं न्यायालयांत जुगाराची फिर्यादही नेली होती. पण ज्या हेतूनें वस्तु घडली तो हेतु वाईट म्हणून वस्तूचा गुण नाहींसा होत नाहीं. जाहिरातीसाठीं कां होईना, त्या कारागिरांनीं एक पुरा खेळ दिला. आणि त्याला शेवट दिला. चार महापंडितांना व त्यानंतर आपल्या प्रतिस्पर्ध्यास जिंकलें म्हणजे दंतकथेंतलीं चार पानें मिळतात आणि कथा संपते. ज्याला शेवट आहे तें मूल खालीं ठेवूं शकतें.

आमचा खरा वाद व्यापाऱ्याशीं नाहीं. तो आपला धर्म पाळीत आहे. वाद आहे तो आमच्यासारख्या सुजाण म्हणविणाऱ्या वडीलधाऱ्यांशीं. सर्व खेळ सारखेच वाईट, असें एकदां म्हटलें म्हणजे कांहीं पाहावयाचें, कांहीं समजून घ्यावयाचें उरत नाहीं. आणि ज्यानें कांहींच पाहिलें नाहीं, त्याचें मुलानें कां ऐकावें ? आपण सरसकट निषेध करीत बसलों, आणि त्या निषेधाच्या आडोशानें खेळाच्या जागीं खरेदी येऊन बसली. आपल्याला फरक कळलाही नाहीं.

चिरंजिवांचीं उरलेलीं तीन पदकें आम्हीं जुलैपर्यंत मिळविलीं. पुढील सामन्यासाठीं यंत्र नातवाच्या हातीं दिलें आहे. पहिल्या आठवड्यांत तो चिडला. पाकीट लवकर मिळण्याचा कांहीं मार्ग आहे का, असें त्यानें दोनदां विचारलें. मार्ग नाहीं, हें पटल्यावर त्यानें वही घेतली आणि आपल्या साठ पानांची यादी मांडून कोणतें पान निरुपयोगी आहे तें खोडूं लागला. आम्हीं २००१ सालीं जप्त केलें तें हेंच होतें, हें त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें, आणि चिरंजिवांस आम्हीं तसें पत्रानें कळविलें.

कोणता खेळ मुलाच्या हातीं द्यावा, याला आमच्या मतें एकच कसोटी पुरे आहे. हरल्यावर तें काय करतें तें पाहावें. जोड बदलूं लागलें तर खेळूं द्यावें. पैसे मागूं लागलें तर तो खेळ नव्हे, दुकान आहे, आणि दुकानांत मुलाला एकटें सोडूं नये.