ॲम्प विकू नका

गेल्या वर्षभरात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. "काका, जुना व्हॉल्व्हचा ॲम्प मिळालाय, पण घरात वाजवता येत नाही. विकून टाकू का?" तिघंही आईवडिलांबरोबर फ्लॅटमध्ये राहणारे. तिघांनाही मी सांगितलं, विकू नकोस, आणि वर वीस मिनिटं डोकं खाल्लं. तेच इथे लिहून काढतो. चौथा आला की नुसता अंक हातात ठेवता येईल.

आधी त्या बिचाऱ्या ॲम्पची बाजू ऐकून घ्या. ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना आठवत असेल, बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. आतले दिवे तापायचे, धुळीचा किंचित करपट वास यायचा, मग कुठे निवेदक बोलू लागायचा. हा ॲम्प त्याच कुळातला, फक्त पैलवान. 1962 मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शलच्या वाद्यांच्या दुकानात फेंडर बासमन या अमेरिकन ॲम्पच्या धर्तीवर 'जेटीएम 45' तयार झाला. 1965 पर्यंत 'द हू' या बँडच्या मंडळींना तोही पुरेना, आणि शंभर वॉटचा आला. तेव्हा हॉलमधली लाउडस्पीकरची व्यवस्था गाणाऱ्याच्या माइकपुरती असायची. ड्रमच्या वरताण शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं काम गिटारच्या ॲम्पला एकट्यानं करावं लागे. असा प्राणी आपण दहा बाय बाराच्या खोलीत आणून कपाटाशेजारी ठेवतो आणि म्हणतो, फार ओरडतो बुवा.

बरं, हळू वाजवावा, तर मजा येत नाही. का, ते समजून घ्या, कारण पुढचे सगळे उपाय त्यावरच आहेत. या ॲम्पची गोडी आवाज फाटण्यात आहे. शेवटच्या टप्प्यातले जाडे व्हॉल्व्ह, मार्शलमध्ये ईएल 34, फेंडरच्या मोठ्या ॲम्पमध्ये 6एल6, झेपेल त्यापलीकडे ताणले गेले की सुराला काठ फुटतात, तो लांबतो, बोट जरा दाबलं की गुरगुरतो. आणि जुन्या ॲम्पना मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे शेवटचा आवाज वेगळा कमी करायचा नॉब, नाही. मार्शलनं तो दिला 1975 च्या सुमाराला. म्हणजे नॉब दोनवर असेल तर आवाज स्वच्छ पण कोरडा, सातवर नेला तर स्वर्ग, आणि दारावरची बेल.

माझ्या दारावर खालच्या मजल्यावरच्या आजी आल्या होत्या. वांद्र्याच्या एका म्हाताऱ्या गिटारवाल्याकडून पन्नास वॉटचं हेड, म्हणजे स्पीकर वेगळा असलेला ॲम्प, घेतलं, त्यानंतरचा पहिला रविवार. सकाळचे अकरा. मी जाड तारेवर खालचा जी वाजवला आणि स्वयंपाकघरात मांडणीवरच्या सहा वाट्या एकमेकींवर किणकिणू लागल्या. दुसरा कुठलाही सूर काढा, वाट्या गप्प. जी आला की सुरू. मला गंमत वाटली म्हणून तोच पुन्हा पुन्हा वाजवला. आजी चिडलेल्या नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "अरे, हे अजून किती दिवस चालणार आहे?" त्यांना वाटलं, फरशीचं काम काढलंय.

त्यानंतर मी जो पहिला मूर्खपणा केला तो बहुतेक सगळे करतात. मोठा ॲम्प बाजूला ठेवून पाच वॉटचा छोटा आणला. पाच म्हणजे पन्नासाचा दहावा हिस्सा, तेव्हा आवाजही दहावा हिस्सा, असा हिशेब. कान असा हिशेब करत नाही. वॉट दहापट कमी झाले की दहा डेसिबल उतरतात, आणि दहा डेसिबल म्हणजे कानाला जेमतेम निम्मा आवाज. गिटारचा बरा बारा इंची स्पीकर एका वॉटवर, एक मीटरवरून, 97 ते 100 डेसिबल देतो. पाच वॉटला त्यात सात मिळवा. आपल्याकडच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल आहे. मधल्या भिंती धरल्या तरी पाच वॉटवाला निर्दोष सुटत नाही. छोटा ॲम्प घेऊ नका असं मी म्हणत नाही. 'लैला'च्या रेकॉर्डिंगच्या वेळी, 1970 मध्ये, एरिक क्लॅप्टननं फेंडरचा चिमुकला चॅम्प वाजवला होता. चारच वर्षांपूर्वी जॉन मेयॉलच्या रेकॉर्डसाठी मार्शल मोठा करून स्टुडिओवाल्यांना घाम फोडणारा हाच तो माणूस. छोटा ॲम्प आवाजासाठी घ्या. शेजाऱ्यांसाठी म्हणून घेत असाल तर पैसे वाचवा.

खरा उपाय आहे अटेन्युएटर. हेड आणि स्पीकर यांच्यामध्ये बसवायचा डबा. ॲम्प बिचारा जीव तोडून वाजतो, बरीचशी वीज या डब्यात उष्णता होऊन जाते, उरलेली स्पीकरला मिळते. घेताना दोन गोष्टी बघा. ॲम्पचे ओहम आणि डब्याचे ओहम जुळले पाहिजेत, चार, आठ किंवा सोळा. आणि डब्याची वॉटची क्षमता ॲम्पच्या दुप्पट असावी, कारण फाटताना पन्नासवाला पन्नासावर थांबत नाही. डबा इतका तापतो की वर चहाचा कप ठेवला तर थंड होणार नाही. ठेवू नका. व्हॉल्व्हही लवकर झिजतात, तो खर्च धरून चाला. बारा ते सोळा डेसिबल उतरेपर्यंत आवाज आपला ओळखीचा राहतो. त्याखाली गेलात की स्वस्तातला डबा गोधडीखालून वाजल्यासारखा लागतो. त्यात थोडा दोष आपल्या कानाचाही आहे: हळू आवाजात माणसाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच मोजून दाखवलं. बासचा नॉब जरा वर घ्या, निम्मी तक्रार मिटते.

म्हणून माझ्या घरी दोन व्यवस्था आहेत. संध्याकाळी तासभर अटेन्युएटर लावून स्पीकर. रात्री लोड बॉक्स, जो सगळीच वीज गिळतो आणि स्पीकरची नक्कल करून आवाज हेडफोनमध्ये देतो. हवा हलत नाही, पोटात धडधडत नाही, पण व्हॉल्व्ह तोच आणि बोटाखालचं गुरगुरणंही तेच. हेडफोन मात्र जपून. 'द हू'च्या पीट टाउनशेंडनं स्वतःच्या कानांच्या दुखण्याचा दोष स्टेजपेक्षा स्टुडिओतल्या हेडफोनला दिला आहे.

स्पीकर किंवा लोड न जोडता ॲम्प कधीही, एक मिनिटही, चालू ठेवू नका. आवाज नको म्हणून स्पीकरची वायर काढून ठेवणारे मी पाहिले आहेत. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि पन्नास वर्षांपूर्वीचा तसाच ट्रान्सफॉर्मर मिळणं म्हणजे स्थळ बघण्यासारखं आहे. स्पीकरला गिटारची केबलही चालत नाही, जाड स्पीकर वायरच हवी.

आता एक फुकटचा उपाय. ॲम्प जमिनीवर असतो, आपण उभे राहून वाजवतो. स्पीकरचा तिखट आवाज सरळ रेषेत पोटऱ्यांवर आपटतो, कानाला बोथट ऐकू येतं, म्हणून आपण नॉब वाढवतो. ॲम्प मागे रेलून ठेवा, तोंड आपल्या कानाकडे करा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा आपोआप आवाज कमी केला, इतकं ते बोचलं. खाली जाड रबर किंवा गादीचा तुकडा घाला. खर्ज स्लॅबमधून उतरतो, आणि आजींच्या छताला तोच लागतो. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. खोलीतला घुमारा किंचित कमी होतो, भिंतीपलीकडे जाणारा आवाज तेवढाच राहतो, आणि आई रोज ते बघून सुस्कारे सोडते.

विजेच्या बाबतीत मात्र थट्टा नाही. आत चारशे-पाचशे व्होल्ट खेळतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते टिकून राहतात. यूट्यूब बघून झाकण उघडू नका. कुणी न्यू जर्सीहून आणलेला ॲम्प 120 व्होल्टचा असतो. त्याला दणकट स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्यातून अर्थिंग पुढे जातं की नाही हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. साठच्या दशकातल्या अमेरिकन ॲम्पना दोनच पिना असायच्या आणि आत एक कपॅसिटर थेट मेन्सपासून चॅसीला जोडलेला. गिटारवाले त्याला डेथ कॅप म्हणतात, उगाच नाही. जाणकाराकडून तो काढून तीन पिनांची वायर बसवून घ्या. मूळ रूप बिघडतं म्हणून हळहळणाऱ्यांनी गिटारच्या तारा धातूच्या असतात हे लक्षात ठेवावं.

माणसांचं म्हणाल तर, तक्रार येण्याआधी आपणच खाली जा. मी लाडवाचा डबा घेऊन गेलो आणि आजींनाच वेळ ठरवायला सांगितली. त्यांनी साडेपाच ते साडेसहा दिली, सातला मालिका. दुपारी एक ते चार गिटारला हातही लावायचा नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये समोरच्या मुलीची दहावी होती, दोन महिने मी हेडफोनवर काढले. आईवडिलांनाही विनंती आहे, "बंद कर" म्हणण्याऐवजी "किती वाजेपर्यंत?" विचारा. उत्तर मिळतं, आणि पोरगा घड्याळ बघायला लागतो.

आणि महिन्यातून एकदा जॅमपॅडची खोली तासावर घ्या. अटेन्युएटर घरी ठेवा, कानात प्लग घाला, नॉब सातवर न्या आणि जी वाजवा. निघण्यापूर्वी ॲम्प नीट थंड होऊ द्या, गरम व्हॉल्व्हना हिसका सोसत नाही. ट्विन रिव्हर्बसारखा ॲम्प असेल तर तो तीस किलोच्या आसपास भरतो, तेव्हा गुडघ्यात वाकून उचला, आणि लिफ्ट बंद असेल तर सरळ पुढच्या रविवारी जा.