बाकावरच्या माणसाचं तिकीट

मे महिना जवळ आला की आमच्या मुर्ध्यातल्या घरात एक विषय हमखास निघतो : यंदा मुलांना कुठे न्यायचं? आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. चैत्रात कार्ल्याला एकवीरेच्या यात्रेला जायचं, डोंगर चढून दर्शन घ्यायचं, खाली येऊन पिपाणी विकत घ्यायची आणि पाळण्यात दोन फेऱ्या मारायच्या. आगरी-कोळी घरांची सुट्टी एवढ्यात साजरी होई. नातवंडांचं तेवढ्यावर भागत नाही. यंदा थोरला नातू इमॅजिकासाठी हटून बसला, धाकट्या नातीला गोराईच्या वॉटर किंगडममधल्या घसरगुंड्या हव्या होत्या, आणि सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तुम्ही बँकेत होतात. तुम्हीच हिशेब करा आणि सांगा."

तीस वर्षं लोकांच्या कर्जप्रकरणांवर शेरे लिहिलेला माणूस असं आव्हान टाळत नाही. कागद घेतला आणि चार रकाने पाडले : प्रवास, तिकीट, खाणं आणि किरकोळ.

प्रवासात गोराई सरळसरळ जिंकते. मोर्वा, डोंगरी, उत्तन करत गेलं की आपण पोचलोच. खालापूर तालुक्यातल्या इमॅजिकाला जायचं तर घोडबंदर, ठाणे, पनवेल अशी मजल. अंधारात उठायला हवं. पण २०१३ साली सुरू झालेल्या या उद्यानात पाळण्यांची विविधता मोठी आहे, आणि 'नायट्रो' नावाच्या तिथल्या रोलर कोस्टरचं नाव काढलं की थोरल्याचे डोळे चमकतात. १९९८ चं वॉटर किंगडम उन्हाळ्याच्या कामाचं. तिथे लहान-मोठे निदान एका पाण्यात तरी असतात. खाणं दोन्हीकडे आतलंच घ्यावं लागणार. किरकोळ या रकान्यात लॉकर, पोहण्याचे कपडे आणि 'आजोबा, एकच' म्हणून मागितलेलं सगळं येतं. हा रकाना कधीच किरकोळ नसतो, हे मी अनुभवाने सांगतो.

हिशेब करता करता मला एस्सेलवर्ल्ड आठवलं. १९८९ साली ते गोराईला सुरू झालं तेव्हा आमच्या भागाला कोण कौतुक! मुंबईकर खाडीपलीकडून लाँचने येत, आणि आमच्या रस्त्याने शाळांच्या सहलींच्या बसगाड्या जात. मिठागरांतली माणसं काम थांबवून बसमधल्या पोरांना हात करीत. त्या हात करणाऱ्यांपैकी किती जणांची मुलं कधी आत गेली असतील, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. माझी मुलं आत जात होती ना! पुढे करोना आला, आणि त्यानंतर तिथले पाळणे कायमचे थांबले. आज आमच्या नातवंडांना एस्सेलवर्ल्ड हे नाव जुन्या जाहिरातीपुरतंच ठाऊक आहे.

पण माझ्या कागदावर नसलेली एक गोष्ट होती. काही वर्षांपूर्वी आम्ही एका उद्यानात सहकुटुंब गेलो होतो. कोणत्या, ते महत्त्वाचं नाही. तेव्हा आई होती. गुडघ्यांनी धरलेली, सत्तरी कधीच ओलांडलेली. ती कोणत्याही पाळण्यात बसणार नाही, हे दारावरच्या मुलालाही दिसत होतं. तिकीट मात्र पुरं काढावं लागलं. तिने पहाटे उठून केलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट दारावरच अडली. आत गेल्यावर तिला सावलीतलं एक बाक सापडलं. आम्ही सगळ्यांच्या चपला-पिशव्या तिच्या स्वाधीन केल्या आणि पांगलो. दिवसभर कुणी ना कुणी येऊन पाण्याची बाटली घेऊन जाई, एवढंच. परतताना तिला विचारलं, "कशी वाटली जत्रा?" ती म्हणाली, "जत्रा चांगली होती रे. तुम्हीच कुठे दिसला नाहीत."

योगायोग असा की थीम पार्कची कल्पनाच एका बाकावर सुचली होती. वॉल्ट डिस्ने लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये आपल्या मुलींना चक्रीपाळण्यावर बसवून स्वतः बाकावर शेंगदाणे खात बसत असे. आईबापांना आणि मुलांना मिळून मजा करता येईल अशी जागा का नसावी, हे त्याला तिथे वाटलं. १९५५ साली डिस्नेलँड उघडलं. तिथे सुरुवातीला आत शिरण्याचं तिकीट वेगळं आणि पाळण्यांचं वेगळं असे. अगदी आपल्या जत्रेसारखं. फरक इतकाच की जत्रेत शिरायला काहीच पडत नाही. एकाच तिकिटात सगळं, ही पद्धत तिथे १९८२ पासून पक्की झाली.

एकरकमी तिकिटाची सोय मला मान्य आहे. जत्रेत प्रत्येक पाळण्यापाशी बापाचा हात खिशात जातो आणि पोराचा चेहरा त्या खिशाकडे लागतो. तो प्रसंग टळतो. मालकांची बाजूही मला कळते. पाळण्यांची देखभाल, वीज, पगार हा खर्च बारा महिन्यांचा, आणि गर्दी सुट्टीच्या दिवसांची. अशा धंद्याला कर्ज देताना मीही हेच आकडे पाहिले असते. पण जो माणूस पाळण्यात बसतच नाही, त्याच्याकडून पाळण्याचे पैसे का घ्यावेत? काही ठिकाणी ज्येष्ठांना सवलत मिळते, ती चांगलीच. माझं मागणं त्याहून साधं आहे. न बसणाऱ्याला नुसत्या प्रवेशाचं स्वस्त तिकीट असावं. मुलांचे पाळणे दिसतील अशा जागी सावलीत बाकं असावीत. म्हाताऱ्यांच्या आणि तान्ह्यांच्या डब्याला मज्जाव नसावा. आजी स्वस्तात आत आली तर तिच्यामागे चार नातवंडं पुऱ्या तिकिटाने येतील. तोट्याचा व्यवहार मी सुचवीत नाही.

आणि सगळा दोष मालकांचा तरी कसा म्हणावा? आईला बाकावर बसवून पांगलो ते आम्हीच.

म्हणून कागदावर मी पाचवा रकाना पाडला : 'बाकावर कोण?' निर्णय असा झाला की आधी एकवीरेचं दर्शन, मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी परतताना वाट थोडी वाकडी करून इमॅजिका. नातीला गोराईचं वचन पावसाळ्याआधीच्या एका रविवारचं. पिशव्या सगळ्यांनी पाळीपाळीने सांभाळायच्या, एका वेळी दोघांनी, म्हणजे बोलायला सोबत राहील. पहिली पाळी मी मागून घेतली आहे, आणि थोरल्याने 'नायट्रो' उरकून माझ्याशेजारी येऊन बसायचं कबूल केलं आहे.