तपासणीपुरता सरळ डोळा

किहीम किंवा काशीदच्या किनाऱ्यावर भर उन्हात एखादे मूल समुद्राकडे पाहताना एक डोळा गच्च मिटून घेते. घरच्यांना ती खोड वाटते. संध्याकाळी दमल्यावर त्याच मुलाचे एक बुबुळ कानाच्या दिशेने सरकलेले दिसते. हाक मारली की ते पुन्हा जागेवर येते. अशा मुलाला अलिबागला तपासायला न्यावे, तर तिथे दोन्ही डोळे सरळ दिसतात आणि कागदावर ‘दोष नाही’ अशी नोंद होऊ शकते. ही नोंद खोटी नसते, ती फक्त त्या पाच मिनिटांची असते.

अधूनमधून डोळा बाहेर वळण्याच्या या विकारात मेंदू दोन्ही डोळ्यांतील प्रतिमा जुळवण्यासाठी बुबुळांना आवरून धरतो. थकवा, ताप, प्रखर ऊन किंवा तंद्री यांमुळे हा आवर सुटतो. तपासणीच्या खोलीत मात्र मूल सावध असते, बहुधा जवळच्या वस्तूकडे पाहत असते. म्हणजे दोष लपवण्याची त्याची ताकद सर्वांत जास्त असते, नेमकी तेव्हाच तपासणी होते.

विजेरीचा प्रकाश टाकून बुबुळावरील चकाकी पाहण्याची पद्धत सोपी आहे. पण ती ढोबळ असते, कारण चकाकी एक मिलिमीटर सरकली तर डोळा सुमारे 7 अंशांनी वळलेला असतो. आळीपाळीने एकेक डोळा झाकण्याची चाचणी अधिक खात्रीची. ती दोन्ही डोळ्यांना एकत्र पाहूच देत नाही, त्यामुळे लपलेला दोष उघडा पडतो. मात्र एरवी दिवसभर मूल डोळा किती सांभाळते, हे ती सांगत नाही. प्रिझम लावून कोन मोजला तरी आकडा पक्का नसतो. अमेरिकेत 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डोळा आत वळणाऱ्या मुलांना दोन जाणकारांनी तपासले तेव्हा मोठ्या कोनांच्या मोजमापात सुमारे 10 प्रिझम डायॉप्टरपर्यंतचा फरक निव्वळ मोजणीतून येऊ शकतो, असे दिसले. स्नायू किती मिलिमीटर मागे घ्यायचा, हे शल्यविशारद याच कोनावरून ठरवतात.

‘आवर’ मोजण्यासाठी मोनी आणि होम्स यांनी 2006 मध्ये शून्य ते पाच अशी मोजपट्टी मांडली. मेयो क्लिनिकच्या 2008 मधील अभ्यासाने तिच्याही मर्यादा दाखवल्या. त्याच मुलाचा गुण एका दिवसात, कधी काही मिनिटांतही बदलत होता. म्हणून पुढे एकाच भेटीत तीनदा तपासून सरासरी घेण्याचा मार्ग सुचवला गेला. खिडकीतून दूरवर पाहायला लावणे, एक डोळा तासभर पट्टीने झाकून मग मोजणे, हेही उपाय आहेत. त्यांना खर्च फारसा नाही, वेळ मात्र लागतो.

आणि वेळेचीच तर वानवा आहे. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी अपेक्षित आहे. ती प्राथमिक छाननी आहे, निदान नव्हे. त्यात पथकाचा दोष नाही. पण ‘दोष नाही’ हा शेरा घरात निदान म्हणूनच वाचला जातो. मुरुडहून अलिबाग सुमारे 50 किलोमीटर. मासेमारी किंवा मजुरीवर पोट असणाऱ्या पालकांचा ‘पुन्हा या’ म्हटल्यावर दिवसाचा रोजगार बुडतो. थोडासा तिरळेपणा शुभ मानणारेही आहेतच. अशा वेळी ‘उन्हात मूल एक डोळा मिटते का?’ हा एक प्रश्न अंगणवाडी सेविकेने विचारला आणि आईने मोबाइलवर टिपलेले संध्याकाळचे चित्रण डॉक्टरांनी पाहिले, तर पाच मिनिटांच्या तपासणीला बराच आधार मिळेल.

उलट बाजूचा धोकाही आहे. एका वाईट दिवसाच्या मोजमापावरून घाईने शस्त्रक्रिया ठरू शकते आणि लहान मुलात डोळा गरजेपेक्षा जास्त आत ओढला गेला, तर असलेली त्रिमिती दृष्टीही धोक्यात येते. तीन ते दहा वर्षांच्या, उपचार न केलेल्या मुलांवरील 2019 च्या अमेरिकी अभ्यासात तीन वर्षांत साधारण 15 टक्क्यांचीच स्थिती बिघडली. तेव्हा बहुतेकांना थांबायला सवड आहे. अट एवढीच, की थांबण्याच्या काळात पुन्हापुन्हा मोजणी व्हावी. शस्त्रक्रियेपूर्वी निदान दोन वेगळ्या दिवशी आणि त्यातली एक दुपारनंतर मोजणी व्हायला हवी. सरकारी रुग्णालयांतील बाह्यरुग्ण विभागाची मुख्य वेळ मात्र सकाळची असते, जेव्हा मूल ताजेतवाने असते.